जहाजांचे सांधे भरणाऱ्याचा संसार

लाकडी जहाज बांधताना सुतार फळीला फळी जोडतो. परंतु त्या फळ्यांमधून पाणी आत येऊ नये ही जबाबदारी दुसऱ्याच एका कारागिराची असते. जुन्या डांबरी दोरखंडांचे तंतू उकलून तो त्यांची वळकटी करतो, बोथट छिन्नीसारखे हत्यार सांध्यावर धरून लाकडी मोगराच्या घावांनी ती वळकटी आत ठासतो आणि वर तापलेली राळ ओततो. इंग्रजीत या कारागिराला ‘कॉकर’ म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर लाकडी होड्या आणि मचवे ज्यांनी वापरले, त्यांना या कामाचे मोल सांगायला नको. एक सांधा कच्चा राहिला तर सगळे तारू बुडते. परंतु जहाज पाण्यात उतरते तेव्हा नाव घेतले जाते ते मालकाचे, फार तर बांधणाऱ्या मेस्त्रीचे. सांधे भरणारा गुडघे टेकून दिवसभर मोगर चालवतो आणि संध्याकाळी मजुरी घेऊन घरी जातो. इतिहासाच्या पुस्तकात त्याला पानही मिळत नाही आणि ओळही मिळत नाही.

एकोणिसाव्या शतकातील अशा एका कॉकरची कथा मात्र आपल्याला तपशीलवार ठाऊक आहे, कारण ती त्याने स्वतःच लिहून ठेवली. त्याचे नाव फ्रेडरिक डग्लस. अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध लढणारा वक्ता, संपादक आणि ग्रंथकार म्हणून जग त्याला ओळखते. आम्हाला आज त्या थोर वक्त्याविषयी लिहावयाचे नाही. ज्या हाताने पुढे लेखणी धरली, त्याच हाताने आधी मोगर धरला होता. त्या मोगरधारी तरुणाविषयी, त्याच्या मजुरीविषयी आणि त्या मजुरीवर उभ्या राहू पाहणाऱ्या त्याच्या घराविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. घर म्हणजे काय, हे ज्याला घर नाकारले गेले त्याच्याकडूनच शिकावे, असे आम्हाला वाटते.

ज्याला घरच नव्हते

फ्रेडरिकचा जन्म १८१८ साली मेरीलँड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर झाला. आईचे नाव हॅरिएट बेली. ती गुलाम होती, म्हणून पुत्रही गुलाम. कायदाच तसा होता: मूल आईच्या स्थितीला जाई. तान्ह्या वयातच त्याला आईपासून वेगळे करून आजी बेट्सीच्या झोपडीत ठेवण्यात आले आणि आईला सुमारे बारा मैलांवरच्या शेतावर कामाला पाठवले गेले. दिवसभर राबून ही माता रात्री पायी चालत येई, बाळाला कुशीत घेऊन निजवी आणि पहाटेच्या आत परत निघून जाई, कारण सूर्योदयाला शेतावर हजर नसेल तर चाबूक ठरलेला. डोळे उघडत तेव्हा आई शेजारी नसे. आयुष्यात आपण तिला चार-पाच वेळांपेक्षा अधिक पाहिले नाही, असे फ्रेडरिक सांगतो. तो सात वर्षांचा असताना ती गेली. अखेरच्या आजारात त्याला तिच्याजवळ जाऊ दिले नाही.

सहाव्या वर्षी आजीने त्याला हाताला धरून मालकाच्या मोठ्या मळ्यावर नेले. तेथे पेरी, सेरा आणि एलायझा ही त्याची सख्खी भावंडे खेळत होती. हे तुझे भाऊ-बहीण, असे आजीने सांगितले आणि त्याचे लक्ष नसताना ती निघून गेली. तिला तसा हुकूमच होता. भाऊ आणि बहीण हे शब्द त्याने ऐकले होते, परंतु त्यांचा अर्थ त्याला कळेना. एका ताटात जेवल्याशिवाय, एका छपराखाली निजल्याशिवाय रक्ताचे नाते मनात उतरत नाही. गुलामगिरीचे क्रौर्य सांगताना आपण चाबूक आणि बेड्या यांचे वर्णन करतो, आणि ते खरेच आहे. परंतु तिची अधिक खोल जखम येथे होती. तिने माणसाकडून त्याचे घर काढून घेतले होते.

गोदीतली अक्षरे

१८२६ साली, आठ वर्षांचा असताना, फ्रेडरिकला बाल्टिमोर शहरी पाठवण्यात आले. तेथे फेल्स पॉइंट या बंदरभागात ह्यू ऑल्ड नावाचा जहाजबांधणीचा सुतार राहत असे. त्याच्या लहान मुलाला सांभाळणे हे फ्रेडरिकचे काम. ह्यूची पत्नी सोफिया हिने मायेने त्याला मुळाक्षरे शिकवण्यास आरंभ केला; पतीने ते कळताच थांबवले. गुलाम वाचू लागला तर गुलाम राहणार नाही, हे त्या सुताराला पक्के कळत होते.

परंतु शाळा बंद झाली तरी गोदी उघडी होती. जहाजाचे लाकूड तासून झाले की ते कोणत्या बाजूला बसवायचे याची खूण म्हणून सुतार त्यावर एकेक इंग्रजी अक्षर लिहीत: डाव्या बाजूसाठी एक, उजव्या बाजूसाठी दुसरे, पुढच्या आणि मागच्या भागासाठी आणखी दोन. ती चार अक्षरे या मुलाने पाहून पाहून गिरवली. मग तो रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांना आव्हान देई की मला तुमच्याइतकेच लिहिता येते. ती मुले ईर्ष्येने पुढची अक्षरे लिहून दाखवीत आणि हा ती शिकून घेई. कुंपणाच्या फळ्या, विटांच्या भिंती आणि फरसबंदी ही त्याची पाटी झाली. खडूचा तुकडा ही त्याची लेखणी.

पुढे काही वर्षे शेतावर काढून, पळून जाण्याच्या एका फसलेल्या प्रयत्नापायी तुरुंग पाहून, १८३६ साली तो बाल्टिमोरला परत आला. आता तो अठरा वर्षांचा जवान होता. विल्यम गार्डिनर नावाच्या जहाजबांधणाऱ्याकडे त्याला कॉकरचे काम शिकण्यास ठेवले गेले. गोदीत मेक्सिकोच्या सरकारासाठी दोन लढाऊ जहाजे घाईने बांधली जात होती. शिकवायला कोणाला सवड नव्हती. पंचाहत्तर सुतार आणि त्यांच्या हुकुमाला हा एकच मुलगा; एक म्हणे पाणी आण, दुसरा म्हणे ओंडका उचल, तिसरा म्हणे हत्यारावर धार लाव.

त्या गोदीत गोरे आणि स्वतंत्र काळे सुतार शेजारी शेजारी काम करीत. एके दिवशी गोऱ्या सुतारांनी काम बंद केले. काळ्या सुतारांबरोबर आम्ही काम करणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. काळे लोक आपली भाकरी हिसकावतील ही भीती त्यांच्या मनात होती. त्या वातावरणात चार गोऱ्या उमेदवारांनी फ्रेडरिकला विटा आणि लाकडी दांडक्यांनी मारले. एकाच्या बुटाच्या लाथेने त्याचा डोळा फुटता फुटता वाचला. भोवती पन्नासांहून अधिक माणसे उभी होती. एकानेही हात पुढे केला नाही. सोफिया ऑल्डने रडत रडत त्याच्या जखमा धुतल्या. ह्यू ऑल्ड न्यायाधीशाकडे गेला, पण गोऱ्या साक्षीदाराशिवाय तक्रार नोंदवता येत नाही, असे उत्तर मिळाले. हजार काळ्यांनी डोळ्यांनी पाहिले असते, तरी मेरीलँडच्या कायद्याला गोऱ्याविरुद्ध त्यांची साक्ष चालत नव्हती.

शनिवारची संध्याकाळ

यानंतर ह्यू ऑल्डने त्याला आपण स्वतः जेथे मुकादम होता त्या वॉल्टर प्राइसच्या गोदीत नेले. तेथे वर्षभरात फ्रेडरिक इतका तरबेज झाला की अनुभवी कॉकरला मिळणारी सर्वांत वरची मजुरी त्याला मिळू लागली: दिवसाला दीड डॉलर. आठवड्याला सहा-सात डॉलर होत, कधी नऊही होत. काम तो स्वतः शोधी, मजुरी स्वतः ठरवी, पैसे स्वतः मोजून घेई. आणि शनिवारी संध्याकाळी सगळे पैसे ह्यू ऑल्डच्या हातावर ठेवी.

वाचकहो, या शनिवारच्या संध्याकाळीपाशी क्षणभर थांबावे. कारागिराच्या घरात आठवड्याची ती सर्वांत आनंदाची वेळ. मजुरी येते, तेल-मीठ येते, मुलांसाठी काही खाऊ येतो. नवरा-बायको दिव्याच्या उजेडात हिशेब करतात. फ्रेडरिकच्या बाबतीत हा हिशेब मालक करी. एवढेच का, असे विचारून तो शेवटच्या पैशापर्यंत मोजून घेई. सहा डॉलर आणले तर कधीकधी त्यांतील सहा सेंट तो खुशीने परत देई, म्हणजे कामाला हुरूप यावा. फ्रेडरिकला त्या सहा सेंटांनी हुरूप येण्याऐवजी संताप येई. ज्याने सहा सेंट परत दिले, त्याने उरलेले पैसेही माझेच होते हे कबूल केले, असा त्याचा युक्तिवाद होता. तो आम्हाला बिनतोड वाटतो.

याच दिवसांत त्याची ॲना मरी हिच्याशी ओळख झाली. मेरीलँडच्याच कॅरोलिन परगण्यातील ही मुलगी बारा भावंडांत आठवी. तिच्या आईवडिलांना तिच्या जन्मापूर्वी अवघा महिनाभर आधी दास्यमुक्ती मिळाली होती. म्हणून थोरली सात भावंडे गुलामीत जन्मली आणि ही पहिली स्वतंत्र जन्मली. सतराव्या वर्षी ती बाल्टिमोरला आली आणि घरकाम करून पोट भरू लागली. काटकसरीने तिने थोडी पुंजी आणि संसाराला लागणाऱ्या वस्तू जमवल्या होत्या. स्वतंत्र काळ्या तरुणांच्या एका वाद-विवाद मंडळात फ्रेडरिक जात असे. त्याच वर्तुळात दोघांचे सूत जुळले.

त्या दोघांनी बाल्टिमोरमध्येच राहून संसार मांडला असता, तर काय झाले असते? ॲना स्वतंत्र, म्हणून मुले स्वतंत्र जन्मली असती. परंतु त्या मुलांचा बाप मालकाची मालमत्ता राहिला असता. उद्या मालकाला पैशाची गरज पडली, तर बापाला दक्षिणेच्या बाजारात विकता आले असते. गुलामांच्या विवाहाला कायदा विवाह मानीतच नव्हता.

मे १८३८ मध्ये त्याने ह्यू ऑल्डकडून एक सवलत मिळवली. आपला वेळ आपण विकत घ्यायचा: दर आठवड्याला तीन डॉलर मालकाला द्यायचे, शिवाय आपले खाणे, कपडे आणि हत्यारे आपणच पाहायची. पाऊस पडो वा काम मिळो न मिळो, तीन डॉलर चुकवायचे नाहीत. मालकाला सगळा लाभ आणि गुलामाला सगळी चिंता, असा तो सौदा. तरीही फ्रेडरिकने तो आनंदाने पत्करला, कारण त्यात स्वातंत्र्याची चव होती. ऑगस्टमध्ये एका शनिवारी तो मित्रांबरोबर गावाबाहेरच्या प्रार्थनामेळाव्याला गेला आणि पैसे द्यायला दोन दिवस उशीर झाला. एवढ्या कारणावरून ऑल्डने ती सवलत काढून घेतली. त्याच दिवसांत फ्रेडरिकचा निश्चय पक्का झाला.

पिसांची गादी आणि खलाशाचा वेष

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाच्या वेषातील एक तरुण बाल्टिमोरहून उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीत चढला. खिशात एका खलाशी मित्राकडून उसने घेतलेले ओळखपत्र होते. त्यावरील वर्णन त्याला मुळीच जुळत नव्हते. परंतु गोदीत वाढलेल्या या तरुणाला जहाजाचे सगळे भाग आणि खलाशांची बोली तोंडपाठ होती. तिकीट तपासनिसाने कागदावर ओझरती नजर टाकली आणि तो पुढे गेला. ही हकिकत फ्रेडरिकने आपल्या पहिल्या पुस्तकांत सांगितली नाही. त्याच वाटेने दुसरे कोणी पळू पाहत असतील, त्यांची वाट बंद होऊ नये म्हणून गुलामगिरी संपेपर्यंत त्याने मौन पाळले.

या प्रवासाचे पैसे कोठून आले? त्यांची कन्या रोझेटा हिने १९०० साली आईविषयी एक निबंध वाचला. तीत ती सांगते की ॲनाने आपली पिसांची गादी विकून त्यासाठी पैसे उभे केले. त्या काळी गरीब मुलीच्या दृष्टीने पिसांची गादी म्हणजे लहानसहान वस्तू नव्हे. ती तिच्या भावी संसाराची ठेव होती. जो संसार अजून मांडला नव्हता, त्यातली एक मौल्यवान वस्तू तिने आधीच मोडली. फ्रेडरिक पकडला गेला असता, तर तिला ना गादी मिळाली असती ना नवरा.

न्यूयॉर्कला तो सुखरूप पोहोचला. डेव्हिड रगल्स या काळ्या कार्यकर्त्याने त्याला आसरा दिला. निरोप मिळताच ॲना आली आणि १५ सप्टेंबर १८३८ रोजी रेव्हरंड जेम्स पेनिंग्टन यांनी त्यांचा विवाह लावला. पेनिंग्टन हेही मेरीलँडमधून पळून आलेले गुलामच होते. वधूची जांभळ्या रंगाची रेशमी साडी नव्हे, तर त्याच रंगाचा रेशमी झगा होता, असे रोझेटा सांगते. हातात विवाहाचा दाखला होता, खिशात रगल्सने दिलेली पाच डॉलरची नोट आणि डोक्यावर पकडले जाण्याची टांगती तलवार.

रगल्सने विचारले, तुला काम काय येते? कॉकरचे, असे कळताच त्याने न्यू बेडफर्डचे नाव सुचवले. व्हेल माशांच्या शिकारीला जाणारी जहाजे त्या बंदरात सज्ज होत. सांधे भरणाऱ्याला तेथे काम मिळणारच. म्हणजे या कुटुंबाचे गाव ठरले ते कारागिराच्या हातातील कसबामुळे. वाटेत घोडागाडीचे भाडे संपले, तेव्हा गाडीवानाने त्यांचे सामान अडवून ठेवले. नेथन जॉन्सन या काळ्या गृहस्थाने भाडे भरून ते सोडवले. जॉन्सननेच त्याला ‘डग्लस’ हे नवे आडनाव सुचवले, म्हणजे जुन्या बेली नावाचा माग कोणाला लागू नये.

दोन खोल्यांचे राज्य

न्यू बेडफर्डमध्ये त्याने पहिले काम केले ते एका धर्मोपदेशकाच्या दाराशी पडलेला कोळसा आत भरण्याचे. त्याबद्दल त्याच्या हातावर अर्ध्या डॉलरची दोन चांदीची नाणी पडली. ती कोणाला द्यायची नव्हती. पाठीमागे ह्यू ऑल्ड उभा नव्हता. हे हात माझे आहेत आणि ही मजुरीही माझी, ही जाणीव त्याला त्या दिवशी प्रथम झाली. ज्याच्या घरी बायको वाट पाहत आहे, त्या नवऱ्यालाच त्या दोन नाण्यांचे वजन कळेल.

यानंतर त्याने आपल्या खऱ्या कामासाठी गोदी गाठली. रॉडनी फ्रेंच या गुलामगिरीविरोधी जहाजमालकाने त्याला एका जहाजावर पाठवले. परंतु तेथील गोऱ्या कॉकरांनी सांगितले की हा काळा माणूस एक घाव जरी घालील, तरी आम्ही सारे जहाज अर्धवट सोडून जाऊ. उत्तरेत गुलामगिरी नव्हती, पण द्वेष होता. कॉकर म्हणून त्याला दिवसाला दोन डॉलर मिळाले असते. साधा मजूर म्हणून एक डॉलर मिळाला. हाती कसब असून तो बिनकसबी झाला. त्याने लाकडे चिरली, कोळसा उपसला, तळघरे खणली, जहाजांवर तेलाची पिंपे चढवली आणि पितळेच्या ओतशाळेत भाता चालवला. भात्याजवळच्या खांबाला तो वर्तमानपत्र खिळ्याने ठोकून ठेवी आणि भाता ओढता ओढता वाचत राही.

हा निम्मा गमावलेला डॉलर घरात कोणाच्या ताटातून गेला असेल, याचा हिशेब अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. तो ॲनाने केला. दोन लहान खोल्यांत तिने संसार थाटला. बाल्टिमोरहून आणलेले अंथरूण, पांघरूण, ताटे, सुऱ्या, चमचे हेच तिचे आंदण. तीही बाहेर काम करी आणि संध्याकाळी मेजावर स्वच्छ पांढरा कपडा पसरून नवऱ्याचे जेवण तयार ठेवी. १८३९ च्या जूनमध्ये रोझेटा जन्मली, १८४० मध्ये लुईस, १८४२ मध्ये धाकटा फ्रेडरिक आणि १८४४ मध्ये चार्ल्स. ज्याला आईच्या कुशीत सकाळपर्यंत निजता आले नव्हते, त्याची मुले आता दररोज सकाळी आईजवळ डोळे उघडीत होती. आमच्या मते फ्रेडरिक डग्लसने जिंकलेला हा पहिला विजय होय. व्यासपीठावरचे विजय पुढचे.

१८४१ साली नॅन्टकेट येथील सभेत तो बोलला आणि त्याचे आयुष्य पालटले. चळवळीचा वक्ता म्हणून तो गावोगाव फिरू लागला. १८४५ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात खरी नावे दिल्याने पकडले जाण्याचे भय वाढले आणि त्याला जवळजवळ दोन वर्षे ब्रिटनमध्ये राहावे लागले. तेथील मित्रांनी १५० पौंड गोळा करून डिसेंबर १८४६ मध्ये ह्यू ऑल्डकडून त्याची कायदेशीर मुक्तता विकत घेतली. इकडे ॲना लिन गावी मुलांना घेऊन राहत होती आणि घरी बसून बुटांची शिवण करीत होती. नवरा परतला तेव्हा त्याला वाटले, आता देणी फेडावी लागतील. ॲना उठली, तिने खणातून बँकेचे पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने पाठवलेले पैसे त्यात जमा होते, तिची स्वतःची कमाईही जमा होती आणि कोणाचे एक पैशाचेही देणे नव्हते. नवरा जहाजांचे सांधे भरीत असे. घराचे सांधे या निरक्षर स्त्रीने भरले.

या संसारात सारेच गोड होते असे मात्र नाही. डग्लस जगप्रसिद्ध झाला, ॲनाला अखेरपर्यंत नीट वाचता आले नाही. घरात विद्वान पाहुणे येत आणि ती स्वयंपाकघरात राही. पळून आलेल्या गुलामांना रॉचेस्टरच्या घरी रात्री-अपरात्री जेवू घालणारी तीच होती. परंतु पतीच्या भाषणांत आणि ग्रंथांत तिचा उल्लेख अगदी थोडा आला. १८६० च्या मार्चमध्ये त्यांची धाकटी कन्या ॲनी दहा वर्षांची असताना वारली, तेव्हा पिता समुद्रापलीकडे होता. सार्वजनिक कार्यासाठी घराने दिलेली किंमत इतिहासकार क्वचितच मोजतात. ॲना १८८२ मध्ये निवर्तली.

त्याच वर्षी, त्याच राज्यात

येथे आपणां कॅथलिकांना एका कटू सत्याकडे पाठ फिरवता येणार नाही. डग्लस ज्या वर्षी मेरीलँडमधून पळाला, त्याच १८३८ साली त्याच मेरीलँडमधील येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष-बालकांना १,१५,००० डॉलरला लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकण्याचा करार केला. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यात गेला. विकले गेलेले ते लोक बाप्तिस्मा झालेले कॅथलिक होते. कुटुंबांची ताटातूट करू नये आणि त्यांच्या धर्माचरणात खंड पडू नये, अशी अट रोमहून संघप्रमुखांनी घातली होती. ती पाळली गेली नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८३९ मध्ये, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्र काढले. जॉर्जटाउन येथे २०१७ च्या एप्रिलमध्ये येशूसंघाने त्या विक्रीतील लोकांच्या वंशजांसमोर जाहीर क्षमायाचना केली. विवाह अभेद्य आहे असे शिकवणाऱ्यांनीच लेकुरवाळ्या कुटुंबांना जहाजात चढवावे, हा विरोध किती भयंकर आहे! शिकवण खरी असली तरी ती आपल्या हिशेबवहीत उतरली नाही, तर ती कोणाचे रक्षण करीत नाही, हा त्याचा धडा.

बापाचे दुःख लेकाच्या वाट्याला

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. विखुरलेली कुटुंबे एकमेकांना शोधू लागली. १८६७ साली पेरी, म्हणजे आजीने मळ्यावर दाखवलेला तोच थोरला भाऊ, बायको-मुलांसह डग्लसच्या रॉचेस्टरच्या घरी आला. सुमारे चाळीस वर्षांनी दोघे भाऊ भेटले. डग्लसने आपल्या घराजवळ त्यांच्यासाठी एक छोटे घर बांधून दिले. भाऊ या शब्दाचा अर्थ लहानपणी कळला नव्हता, तो पन्नाशीला कळला.

परंतु कामाच्या दारावरचा पहारा उठला नाही. थोरला मुलगा लुईस मुद्रणकला शिकला होता आणि यादवी युद्धात लढून आला होता. १८६९ मध्ये त्याला वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यात काम मिळाले, तेव्हा तेथील गोऱ्या जुळाऱ्यांच्या संघटनेने त्याला सभासद करून घेण्यास नकार दिला. पित्याने त्या वेळी खेदाने लिहिले की तीस वर्षांपूर्वी गोदीत माझ्या बाबतीत जे झाले, तेच आज माझ्या मुलाच्या बाबतीत होत आहे. गोऱ्या कामगाराचा शत्रू काळा कामगार नव्हताच. दोघांची मजुरी ज्याने पाडून ठेवली, त्याच्याकडे बोट दाखवण्याऐवजी गरिबाने गरिबाच्या ताटावर हात मारला.

बाल्टिमोरमध्येही तेच घडले. १८६५ मध्ये गोऱ्यांनी संप करून काळ्या कॉकरांना गोद्यांतून हुसकले. पण तेथे आयझॅक मायर्स नावाचा एक स्वतंत्र जन्मलेला काळा कॉकर होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपल्याच लोकांना समभाग विकून १०,००० डॉलर उभे केले आणि स्वतःची गोदी चालू केली. तेथे सुमारे ३०० काळ्या कामगारांना रोजचे तीन डॉलर मजुरी मिळू लागली. ही गोदी १८८० च्या दशकापर्यंत टिकली. ज्यांना दार लावले गेले, त्यांनी आपले दार स्वतः सुतारकाम करून बसवले.

आपल्या महाराष्ट्राचाही या इतिहासाशी एक धागा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना कृतज्ञतेने अर्पण केला. बाल्टिमोरच्या गोदीतला मोगराचा आवाज पुण्यापर्यंत पोहोचला होता असे म्हटले, तर ती नुसती कल्पना ठरू नये.

मजुरी कोणाची?

१८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी श्रमिकांविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले. कामगाराला आपले व आपल्या कुटुंबाचे नीट पोषण करता येईल एवढे वेतन मिळणे हा न्यायाचा प्रश्न आहे, केवळ दोघांतील कराराचा नव्हे, असे त्यात मांडले आहे. फ्रेडरिकच्या शनिवारच्या संध्याकाळी आठवल्या म्हणजे या विधानाचा अर्थ उलगडतो. मजुरीवर पहिला हक्क घराचा असतो. जो ती अडवतो, कापतो, उशिरा देतो किंवा माणसाचा रंग, जात वा गाव पाहून निम्मी करतो, तो एका घरातले अन्न, औषध आणि वह्या-पुस्तके काढून घेतो. हे करायला मळेवाला असावे लागत नाही. आपल्या वाडीत काम करणारा मजूर, आपल्या घरी भांडी घासणारी बाई, आपल्या बांधकामावरचा परमुलखातील गवंडी यांचीही शनिवारची संध्याकाळ असते, आणि दूर कोठेतरी त्यांचे कोणी वाट पाहत असते.

१८९२ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, डग्लसने फेल्स पॉइंटमध्ये, ज्या गल्लीत तरुणपणी तो प्रार्थनेला जात असे तेथे, विटांची पाच घरे बांधली. आपल्या समाजातील कुटुंबांना भाड्याने राहता यावे, हा हेतू. तीन वर्षांनी, १८९५ च्या फेब्रुवारीत, त्याने देह ठेवला. त्याने ज्या जहाजांचे सांधे भरले, ती कधीच मोडीत निघाली. ती पाच घरे अजून उभी आहेत.